चिनी गायिकांच्या सीडी घेताना: कोणता गळा, कुठली आवृत्ती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीत सिंगापूरला मावसभावाकडे एका चिनी गायिकेची सीडी ऐकली. शब्द एकही कळला नाही, पण बाई तीन फुटांवर बसून गाते आहे असं वाटलं. परत आल्यावर तशाच सीडी जमवायचं डोक्यात बसलं आणि ऑनलाइन शोधायला गेलात तर चक्रावलात. एकच अल्बम पाचशे रुपयांनाही आहे आणि सहा हजारांनाही. एकावर २४ कॅरट लिहिलंय, दुसऱ्यावर डीएसडी, तिसऱ्यावर एचक्यू. सुरुवात कुठून करायची, या अक्षरांत तथ्य किती, आणि बनावट माल ओळखायचा कसा? खोली दहा बाय बाराची, स्पीकर बुकशेल्फ, सीडी प्लेयर साधा पण बरा.

ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली, त्यातली अकरा सिंगापुरात. तिथे शनिवारची दुपार म्हणजे कोलमन स्ट्रीटवरची ॲडेल्फी इमारत. मजल्यामजल्यावर हाय-फायची, म्हणजे दर्जेदार ध्वनियंत्रणांची दुकानं, आणि निम्म्या दुकानांतून एकाच बाईचा आवाज. तुम्ही ऐकलीत ती बहुधा तीच, त्साय छिन. सुरुवात तिच्यापासूनच करा. मग तेरेसा तेंगची एक सीडी घ्या. मग थांबा, दोन महिने त्या दोनच ऐका. सोन्याच्या तबकड्यांना तोवर हात लावू नका. का, ते सांगतो.

आधी एक शब्द समजून घेऊ. चिनी भाषेत हाय-फायच्या नादिष्ट माणसाला 'फाशाओ-यो' म्हणतात. फाशाओ म्हणजे ताप चढणं, यो म्हणजे मित्र. म्हणजे ज्वरबंधू. आपण कानसेन म्हणतो तो जाणता झाला, हा आजारी आहे, आणि आजारी असल्याचं स्वतःच कबूल करतो. या लोकांसाठी खास काढलेल्या सीडीला 'फाशाओ तिए', तापाची तबकडी म्हणतात. हा शब्द हाँगकाँग आणि शेजारच्या ग्वांगतोंग प्रांतात रुळला आणि धंदाही तिथेच फोफावला. २००२च्या 'इन्फर्नल अफेअर्स' या हाँगकाँगच्या चित्रपटात पोलिसातला गुंडांचा माणूस आणि गुंडांतला पोलिसांचा माणूस पहिल्यांदा एकत्र बसतात ते एका हाय-फाय दुकानात. दोघं सोफ्यावर शेजारी बसून त्साय छिनचं जुनं गाणं ऐकतात आणि स्पीकरच्या केबलबद्दल बोलतात. त्या गावात हे किती स्वाभाविक आहे ते तिथल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारातून, ॲपलिउ स्ट्रीटवरून एकदा चालून आल्याशिवाय कळत नाही.

त्साय छिन तैवानची, काओश्योंगला १९५७ साली जन्मलेली. १९७९ साली तिचं पहिलं गाणं गाजलं. त्या दशकात तैवानच्या कॉलेजांतली मुलं गिटार घेऊन आपल्याच कवींच्या कवितांना चाली लावत होती. १९७५च्या जूनमध्ये ताइपेच्या चोंगशान सभागृहात यांग श्येन या तरुणाने यू क्वांगचोंग या कवीच्या कविता गाऊन दाखवल्या, तिथून त्या लाटेची सुरुवात धरतात. आपल्या भावगीतांशी या गाण्यांचं नातं चटकन जुळतं: आधी कविता, मग चाल, आणि गाणारा शब्दांच्या पुढे पुढे करत नाही. त्साय छिन त्या लाटेतून वर आली. आवाज खालच्या पट्टीचा, भरदार, किंचित धुरकट. कानसेनांना जी सीडी हवी असते ती मात्र पुष्कळ नंतरची आहे. 'मिनगे' नावाची, म्हणजे लोकगीतं. जुनीच गाणी तिने परिपक्व गळ्याने नव्या साथीवर पुन्हा गायली आहेत.

त्यात 'तूखोउ' नावाचं गाणं आहे. अर्थ तरीचा धक्का. कविता श्यी मूरोंग या मंगोल वंशाच्या कवयित्रीची. निरोपाची आहे, हातातून हात सोडवून घेण्याबद्दल. गाणं सुरू होतं ढोलांनी, आणि जगातल्या निम्म्या हाय-फाय दुकानांनी त्या ढोलांवर स्पीकर विकले आहेत. तुमच्या मावसभावानेही हेच लावलं असणार.

हे ढोल घरी लावाल तेव्हा निराश व्हायची तयारी ठेवा. दोष सीडीचा नसेल. बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो, दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६च्या आसपास. मोठ्या ढोलाचा दम नेमका त्या टापूत असतो. त्यामुळे सिंगापूरच्या हॉलमध्ये जो ढोल वाजून थांबत होता तो तुमच्या खोलीत वाजून रेंगाळेल, आणि पुढचा ठोका मागच्याच्या अंगावर पडेल. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा. खुर्ची खोलीच्या मध्यावर किंवा मागच्या भिंतीला चिकटून नको, मागून साधारण एक तृतीयांश अंतरावर ठेवून बघा. ऐकताना लक्ष ठोक्यावर नको, ठोक्यानंतरच्या शेपटीवर हवं. ढोलाचं कातडं थरथरून शांत होतं, मग थोडी मोकळी जागा उरते, मग पुढचा ठोका. ती जागा ऐकू आली की खुर्ची तिथेच ठेवा.

मग बाई गायला लागतात आणि खरी गंमत सुरू होते. तो आवाज तीन फुटांवर वाटतो कारण मायक्रोफोन ओठांपासून वीतभर अंतरावर आहे. एका दिशेने ऐकणारा मायक्रोफोन तोंडाच्या इतका जवळ आणला की खर्ज आपोआप फुगतो. त्यावर थोडी कृत्रिम घुमारी चढवतात आणि साथ मागे ढकलतात. चांगल्या ध्वनिमुद्रणात यातून गायिका जवळची वाटते. वाईटात तिचं तोंड दरवाजाएवढं होतं. प्रत्यक्ष मैफिलीत असं कुणी ऐकू येत नाही, तेव्हा 'अगदी समोर बसल्यासारखं' या शब्दांवर फार जाऊ नका. ही एक आवड आहे, एक घडवलेला सूर आहे. मला ती आवड आहे. पण तिला खरेपणाची मोजपट्टी मानलं की आकाशवाणीवरची आपली सुरेख जुनी मुद्रणं विनाकारण सपाट वाटू लागतात. सिंगापूरहून परतल्यावर माझंच वर्षभर तसं झालं होतं.

दुसरी तेरेसा तेंग. चिनी नाव तंग लीच्युन. १९५३ साली तैवानच्या युनलिन भागात जन्म, १९९५ साली थायलंडमध्ये चिआंग माईला दम्याच्या झटक्याने गेली, बेचाळिसाव्या वर्षी. तिच्या शेकडो सीडी मिळतात आणि त्यातल्या बहुतेक नुसती संकलनं आहेत, सोडून द्या. घ्यायची ती १९८३ची 'तानतान योछिंग'. बारा गाणी, बाराही जुन्या अभिजात कविता, बहुतेक सोंग राजवटीच्या काळातल्या, आधुनिक चालींवर. सू षी या कवीने १०७६च्या शरद पौर्णिमेला दूर असलेल्या भावाची आठवण काढत लिहिलेली चंद्राची कविता त्यात आहे. सातशे वर्षांपूर्वीची ओवी किंवा विराणी लताबाईंच्या गळ्यातून पुन्हा आपली होते, तसाच प्रकार. या चंद्रगीताची चाल ल्यांग होंगच्रची, आणि त्साय छिनचं १९७९चं पहिलं गाजलेलं गाणं लिहिणारा नि चाल लावणाराही हाच. दोन्ही गाणी एकामागून एक लावा. एकाच माणसाच्या चाली, एक गळा पाण्यासारखा, दुसरा लाकडासारखा.

'तानतान योछिंग' कानसेनांसाठी वगैरे काढलेली नव्हती. तो त्या वेळचा साधा व्यावसायिक अल्बम. चांगला स्टुडिओ, मोठा वाद्यवृंद, घाई न करता केलेलं काम, आणि आवाज ओरडा करून चढवायची फॅशन अजून यायची होती. माझा अनुभव असा की चिनी गाण्यांतली उत्तम मुद्रणं यातच जास्त सापडतात, १९८०च्या दशकातल्या तैवान-हाँगकाँगच्या नेहमीच्या अल्बमांत. तापाच्या तबकड्या हा नंतरचा धंदा.

भाषा कळत नाही याची तुम्हाला खंत आहे. मी उलट सांगेन: मराठी कान इथे कामाचा आहे. शाळेत आपण स, श, ष असे तीन शिकलो आणि बोलताना दोनच उरले. 'षटकोन' म्हणताना जीभ कोण वळवतं? मँडरिनमध्ये हे तिन्ही वेगळे बोलतात. शिवाय आपल्याकडे चमच्यातला च आणि चहातला च वेगळा, जहाजातला ज आणि जगातला ज वेगळा. हिंदी माणसाला हा फरक शिकवावा लागतो, आपल्याला नाही. मँडरिनमध्येही दाताजवळचा, टाळूचा आणि जीभ वळवून काढलेला च निरनिराळे आहेत. म्हणजे ही भाषा शिट्टीच्या वर्णांनी खच्चून भरलेली आहे. स सगळ्यात वरच्या कंपनांचा, श जरा खाली, ष त्याहून खाली. तुमचा ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला उंच सूर वाजवणारा छोटा भाग, नीट असेल तर अर्थ न कळताही तिन्ही वेगळे ऐकू येतील. नसेल तर तिन्हींचा एकच 'स्स्स' होईल आणि तासाभरात कान दुखतील. स्पीकर बघायला जाताना मी इंग्रजी गाणं नेत नाही, याच कारणासाठी. एक मेख मात्र आहे: तैवानच्या बोलण्यात ष बराचसा स कडे झुकतो, तेव्हा या परीक्षेला बीजिंगकडची गायिका बरी.

कँटनीज गाणी हा वेगळा प्रांत. त्या भाषेत सहा स्वर-चढउतार आणि गीतकाराला शब्द चालीच्या चढउताराशी जुळवूनच बसवावे लागतात, नाहीतर अर्थ भलताच होतो. शब्द प, त, क वर अर्धवट तोडून संपतात, श्वास बाहेर न सोडता. चांगल्या यंत्रणेवर तो तुटलेला शेवट आणि त्यामागची शांतता स्वच्छ कळते. हाँगकाँगची १९८०च्या दशकातली पॉप मुद्रणं यासाठी घ्यावीत. पण ती दुसऱ्या वर्षी.

आता ग्वांगतोंगचा माल. क्वांगचौ शहरात कानसेनांसाठीच सीडी काढणाऱ्या पुष्कळ कंपन्या निघाल्या. त्यांचा साचा ठरलेला: लोकांना पाठ असलेली जुनी गाणी, नवी गायिका, गिटार, चेलो, थोडा पियानो, कुठेतरी एक ढोल, आणि गाणं निम्म्या लयीत. गायिका प्रत्येक ओळ उसासा टाकल्यासारखी सोडते. पहिल्या दहा मिनिटांत वाटतं काय आवाज आहे, चाळिसाव्या मिनिटाला झोप येते. स्वस्तातल्या सीडींवर साथही सिंथेसायझरची असते. त्यावर 'परीक्षणासाठी उत्तम' छापलेलं वाचून हसू येतं, कारण जो चेलो जगात कधी वाजलाच नाही तो खरा वाजतोय की नाही हे तपासणार कसं?

तरी काही नग ठेवण्यासारखे आहेत. चाओ पेंग हा खालच्या आवाजाचा गायक. त्याच्या सीडी-मालिकेचं नावच 'मानवी आवाजाचा सबवूफर' अशा अर्थाचं आहे. ऐकून हसलो होतो, मग घेतली. त्याचा खर्ज आणि डबल बास एकाच टापूत येतात आणि तरी एकमेकांत मिसळत नाहीत. तुमच्या खोलीत मिसळले तर परत खुर्ची हलवा. च्यांगयांग चोमा ही सच्वान प्रांतातल्या तेरगेकडची तिबेटी गायिका. खालच्या पट्टीत तिच्या आवाजाला जो पैस आहे तो क्वांगचौच्या उसासेवाल्या बायकांत नाही. आणि १९९५ची दादावा या गायिकेची 'सिस्टर ड्रम', संगीतकार ह श्युनथ्येन. प्रचंड ढोल, कुजबुज, मठातल्या पठणासारखे आवाज, आणि हळू ते मोठा यातलं अंतर एवढं की पहिल्या मिनिटात आवाज वाढवलात तर पुढे शेजारी दार वाजवतील. तिबेटच्या नावाने जे चित्र तिने उभं केलं त्यावर निर्वासित तिबेटींनी टीका केली होती, ती मला पटते. सीडी तरीही माझ्याकडे आहे.

गाणं सोडून वाद्यांकडे वळलात तर हाँगकाँगची १९८७ साली सुरू झालेली हुगो आणि बीजिंगची रुईमिंग, जी रोमनमध्ये ऱ्हायमोई लिहिते, या सीडी काढणाऱ्या दोन कंपन्यांची नावं लक्षात ठेवा. हुगोचे संस्थापक यी योवू स्वतः ध्वनिमुद्रक, आणि ते ऐकताना कळतं.

अक्षरांकडे येऊ. सीडी म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. वर काहीही छापलेलं असो, आत एवढंच मावतं. सोन्याचा थर ॲल्युमिनियमसारखा काळवंडत नाही, म्हणजे टिकायला बरा. पण आकडे तेच. एसएचएम आणि एचक्यू ही २००८च्या सुमारास जपानमधून आलेली नावं. एसएचएममध्ये जास्त पारदर्शक प्लास्टिक वापरलेलं असतं, एचक्यूमध्ये त्याबरोबर परावर्तक थरही बदलतात. प्लेयरला तबकडी वाचणं थोडं सोपं होत असेल, पण चांगल्या अवस्थेतली साधी तबकडीही प्लेयर अचूकच वाचतो. डीएसडी ही डिजिटल मुद्रणाची वेगळी पद्धत. सीडीवर 'डीएसडी' लिहिलं म्हणजे मूळ मुद्रण किंवा मधली प्रत त्या पद्धतीने केली. तुमच्या हातात येते ती साधी सीडीच. एक्सआरसीडी ही जेव्हीसी या जपानी कंपनीची १९९०च्या दशकातली पद्धत मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते, कारण तिथे मूळ फितीपासून साच्यापर्यंत सगळी साखळी एकाच्या हातात असते. फरक पडतो तो या काळजीने, अक्षरांनी नाही. एसएसीडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, खरोखर वेगळी आहे, पण 'हायब्रिड' (साध्या सीडीचा थरही असलेली) लिहिलेली नसेल तर तुमच्या प्लेयरवर वाजणारच नाही.

एचडीसीडी या सीडीवरच्या खास संकेत-पद्धतीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण चिनी सीडींवर ही खूण फार दिसते. यात शेवटच्या बिटात गुप्त खुणा पेरलेल्या असतात. काही सीडींवर मोठे आवाज मुद्दाम दाबलेले असतात आणि ते ६ डेसिबलपर्यंत पुन्हा उघडण्याचं काम डिकोडर करतो. डिकोडर नसलेल्या प्लेयरवर अशी सीडी चेपलेली वाजते. सगळ्या एचडीसीडींत हे नसतं. पुष्कळांवर नुसती खूणच असते. संगणकावर उतरवून घेतलीत तर फूबार किंवा एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने मोफत उलगडता येते. ज्या सीडीला लोक नावं ठेवत होते अशा दोन मी या मार्गाने वाचवल्या आहेत.

एकदा मी एका कंपनीची सोन्याची आवृत्ती साध्या आवृत्तीच्या तिपटीने घेतली. पहिल्या रात्री फरक जाणवला: गळा मऊ, जागा मोठी. बायकोला बोलावून ऐकवलं, तीही म्हणाली हो. दुसऱ्या दिवशी दोन्ही तबकड्या चूक तपासून उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरने संगणकावर घेतल्या, नमुना-नमुना जुळवून एकमेकांवर ठेवल्या, एकीची फेज, म्हणजे ध्वनिलहर, उलटी केली आणि बेरीज वाजवली. दोन्ही एकच असतील तर बेरीज शून्य येते. त्रेचाळीस मिनिटं चिडीचूप. एक टिचकीसुद्धा नाही. रात्री आम्ही दोघं जे ऐकत होतो ते डबीच्या वजनामुळे. मग हट्टाने तिसरी, 'एचक्यू' आवृत्ती आणली. तिची बेरीज शून्य आली नाही. कुणीतरी नव्याने मास्टर केली होती, म्हणजे छपाईआधी आवाजाची पातळी नि सूर पुन्हा बसवले होते. अडीच डेसिबलने मोठी आणि ढोलांची टोकं कापलेली. म्हणजे नवी आवृत्ती खरंच वेगळी निघाली, आणि वाईट निघाली. साधी ठेवली, बाकी दोन विकल्या. सोन्याचीला चांगला भाव आला.

एका प्रकाराला मात्र अजिबात हात लावू नका: 'मूळ फितीवरून थेट कोरलेली' म्हणून लाकडी पेटीत, क्रमांक घालून विकतात ती. उलटी करून बघा. खालची बाजू हिरवट किंवा निळसर दिसली तर ती घरी बर्न करतो तसली रेकॉर्डेबल डिस्क आहे. तिच्यातला रंगद्रव्याचा थर उन्हाने आणि वयाने उतरतो. हजारो रुपये देऊन दहा-पंधरा वर्षांत मुकी होणारी वस्तू कशाला घ्यायची?

जुन्या छपाईचा नाद लागला, आणि तो लागेल, तर दोन-तीन गोष्टी ध्यानात असू द्या. हाँगकाँगचे संग्राहक मधल्या भोकाच्या भोवती चंदेरी थर आतपर्यंत गेलेल्या सुरुवातीच्या सीडींना 'चांदीच्या कड्याची' आवृत्ती म्हणतात. जपानमध्ये किंवा पश्चिम जर्मनीत छापलेल्यांना जास्त किंमत येते. त्या अनेकदा खरंच चांगल्या वाजतात, पण चांदीच्या कड्यामुळे नव्हे. त्या काळी कुणी आवाज दाबत नव्हतं म्हणून. विक्रेता '१९८४ची पहिली छपाई' म्हणाला तर तबकडी तिरकी धरून आतल्या आरशासारख्या पट्ट्यात आणि मधल्या पारदर्शक भागात बारीक 'आयएफपीआय' (ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं नाव) कोरलंय का बघा. ही खूण १९९४ला सुरू झाली. ती दिसली तर ती छपाई १९८४ची नाही, गप्पा काहीही असोत. उलट नव्या सीडीवर ती नसेल, किंवा खरवडल्यासारखी दिसत असेल, तर माल चोरटा असल्याचा संशय घ्या. मुखपृष्ठावरची अक्षरं धूसर, आतल्या पुस्तिकेत ठिपक्यांची जाळी दिसणारी, ही बनावटीची दुसरी खूण. मी खिशात दहापटीचं भिंग ठेवायचो. दुकानदार हसायचे, पण भाव कमी करायचे.

त्या सुरुवातीच्या जपानी छपाईत आणखी एक सापळा असतो. काही सीडींवर उंच सूर मुद्दाम चढवून नोंदवलेले आहेत, वरच्या टोकाला जवळजवळ १० डेसिबल, आणि प्लेयरने ते परत उतरवणं अपेक्षित आहे. याला प्री-एम्फसिस म्हणतात. सीडी प्लेयर हे बिनबोभाट करतो. संगणकावर उतरवलंत तर बहुधा होत नाही आणि गायिका टिनपाट वाटते. मग लोक लिहितात की जुनी छपाई कर्कश आहे.

जुन्या दोन-तीन सीडींच्या जाड डब्यांत फोमचा तुकडा असतो, तो पहिल्या दिवशी काढून फेका. कालांतराने तो वितळून तबकडीला चिकटतो आणि थर खातो. आपल्याकडच्या पावसाळ्यात पुस्तिकेच्या पानांना बुरशी धरते, विशेषतः गुळगुळीत कागदाला. जून ते सप्टेंबर मी सगळ्या सीडी झाकणबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो, लोणच्याच्या बरण्यांच्या खालच्या फळीवर. घरच्यांनी जागेची वाटणी तशीच केली आहे.

शोधताना रोमन अक्षरांवर भिस्त ठेवू नका. एकाच बाईचं नाव चार तऱ्हांनी लिहितात. चिनी अक्षरं फोनमध्ये जपून ठेवा, आणि दोन्ही लिप्यांत: तैवान-हाँगकाँगच्या सीडींवर जुनी, जास्त रेघांची लिपी, मुख्य भूमीवरच्यांवर सुटसुटीत केलेली. एकात शोधून दहा नग मिळतात तिथे दुसरीत चाळीस. टपालाने मागवलीत तर कस्टमचा खर्च तबकडीच्या किमतीशी स्पर्धा करू शकतो, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाच्या बॅगेतून आणवणं बरं.

तुमचा मावसभाव पुढे कधी येणार असेल तर त्याला दोनच नावं कळवा: 'मिनगे' आणि 'तानतान योछिंग', दोन्ही साध्या आवृत्तीत, जुन्या बाजारात मिळाल्या तरी चालतील. तबकडी प्रकाशात धरून आरपार भोकं दिसत नाहीत ना, एवढं बघून घ्यायला सांगा. आल्या की आधी ढोल लावा, खुर्ची कुठे ठेवलीत आणि शेपटी कुठे मोकळी झाली ते लिहा. खोलीची मापं खिडकी-दारासकट पाठवलीत तर पुढचं सांगता येईल.